वैमानिकरहित विमानाचा सारथी

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध, तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम् हे प्राचीन नगर वसलेले आहे. मराठी वाचकास ते सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठ्यांचे राज्य स्थापिले, तेव्हापासून या प्रदेशात मराठी घराणी नांदत आली आहेत. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून ख्याती पावलेले सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 साली याच नगरात झाला. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि शालेय शिक्षणही येथेच झाले.

प्रस्तुत पुस्तिकेत मात्र कुंभकोणम्‌ची निवड निराळ्या कारणासाठी केली आहे. हे नगर समुद्रसपाटीपासून फार थोड्या उंचीवर आहे, तेथील हवा उष्ण व दमट आहे, आणि पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून फारसे दूर नाही. सैन्याच्या हाती असणाऱ्या लहान वैमानिकरहित विमानात, म्हणजे ड्रोनमध्ये, विद्युत्-यंत्रणा काय काम करते हे समजून घ्यावयाचे असेल, तर तेच यान मनाने एकदा कुंभकोणम्‌च्या भातशेतीवर आणि एकदा लडाखच्या डोंगरावर उडवून पाहावे. दोन ठिकाणची हवा, उष्णता आणि चुंबकक्षेत्र ही भिन्न असल्यामुळे यंत्राच्या प्रत्येक भागाची कसोटी लागते आणि त्याचे कार्य स्पष्ट होते.

कुंभकोणम्‌च्या पश्चिमेस सुमारे 40 किलोमीटरांवर तंजावरचा वायुसेनेचा तळ आहे. जानेवारी 2020 मध्ये तेथे सुखोई-30 जातीच्या लढाऊ विमानांचे पथक ठेवण्यात आले. त्या विमानात दोन वैमानिक बसतात. ते डोळ्यांनी पाहतात, हातांनी चालवितात आणि काही बिघडले तर विचार करून निर्णय घेतात. आपल्या काल्पनिक यानात मात्र कोणीही बसत नाही. वैमानिकाची ही तिन्ही कामे तळहाताएवढ्या दोन-तीन पाट्यांवर सोपविलेली असतात. या पाट्यांना सर्किट बोर्ड म्हणतात. त्यांपैकी एक शक्तीची वाटणी करते आणि दुसरी उड्डाणाचे नियंत्रण करते. पंख, सांगाडा आणि कॅमेरा ही यानाची शरीरसंपत्ती असली, तरी त्याचा सारथी या दोन पाट्यांतच वास करतो.

शक्तीचा साठा आणि तिची वाटणी

लहान ड्रोन बहुधा लिथियमच्या विद्युत्-घटांवर चालते. असे घट 1991 साली बाजारात आले आणि त्यानंतर त्यांची क्षमता सतत वाढत गेली. तरीही एक किलोग्रॅम घटमालेत साधारणपणे 150 ते 250 वॅट-तास एवढीच ऊर्जा मावते. तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलमध्ये सुमारे 12,000 वॅट-तास ऊर्जा असते. हा फरक ध्यानात घेतला, म्हणजे ड्रोनच्या रचनाकारास प्रत्येक ग्रॅमचा हिशोब का ठेवावा लागतो हे कळून येते.

समजा, आपले यान 2 किलोग्रॅम वजनाचे असून त्यास चार पंखे आहेत. ते हवेत एका जागी स्थिर ठेवण्यास सुमारे 300 वॅट शक्ती लागते असे धरू. त्यात 150 वॅट-तासांची घटमाला बसविली, तर हिशोबाने ते अर्धा तास उडावयास हवे. परंतु प्रत्येक घटाचा दाब पूर्ण भरलेल्या स्थितीत 4.2 व्होल्ट असतो आणि तो 3 व्होल्टच्या खाली गेल्यास घटाची कायमची हानी होते. शिवाय परत येण्यापुरती ऊर्जा राखून ठेवणे भाग असते. पंचमांश साठा शिलकीत ठेवला, की उड्डाणाचा काळ 24 मिनिटांवर येतो. किती वेळ उरला आहे, याचा हिशोब शक्तीच्या पाटीने क्षणोक्षणी करावयाचा असतो.

घटमालेतून येणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. पंखे फिरविणाऱ्या मोटारींना मात्र तो तसाच देऊन चालत नाही. या मोटारींत जुन्या मोटारींप्रमाणे घासणारे ब्रश नसतात. त्यांच्या फिरत्या कड्यावर चुंबक बसविलेले असतात आणि आत तारेच्या वेटोळ्यांचे तीन संच स्थिर असतात. कोणत्या वेटोळ्यातून, कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्षणी प्रवाह सोडावयाचा, हे ठरविणारे एक नियंत्रक मंडल प्रत्येक मोटारीस जोडलेले असते. त्यात ट्रँझिस्टरचे सहा स्विच असतात. ते क्रमाने उघडतात व मिटतात, त्यामुळे चुंबकक्षेत्र गोल फिरू लागते आणि कड्यावरील चुंबक त्याच्या मागे धावतात.

हे किती वेगाने घडते ते पाहणे उद्बोधक होईल. मोटार मिनिटास 6,000 फेरे, म्हणजे सेकंदास 100 फेरे घेत आहे आणि तिच्यावर चुंबकांच्या 7 जोड्या आहेत असे समजा. प्रत्येक जोडीमागे सहा वेळा प्रवाहाची वाट बदलावी लागते. म्हणजे एका सेकंदात 4,200 वेळा हा बदल घडतो. एवढ्या घाईत चुंबक नेमके कोठे आहेत हे कसे कळते? सहा स्विचांपैकी दोनच एका वेळी चालू असल्यामुळे तिसरे वेटोळे क्षणभर रिकामे असते. चुंबक त्याच्यावरून गेला, की त्यात अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो मोजून नियंत्रक चुंबकाची जागा ओळखतो. मोटार ही अशा रीतीने स्वतःच आपली खबर देत असते.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली उष्णतेची. चालू स्विचलाही थोडा रोध असतोच. तो केवळ 0.005 ओहम असला आणि त्यातून 20 अँपिअर प्रवाह गेला, तर 2 वॅट उष्णता निर्माण होते. अंगठ्याच्या नखाहून लहान वस्तूस ही उष्णता थोडी नव्हे. कुंभकोणम्‌च्या उन्हाळ्यात भोवतालची हवाच तापलेली असते, त्यामुळे ती बाहेर टाकणे अवघड होते. दमट हवेमुळे पाटीवरील बारीक तारा गंजण्याचे भय असते, म्हणून संपूर्ण पाटीवर संरक्षक लेपाचा पातळ थर चढवितात.

दुसरी अडचण दाबाची. घरातील पाण्याचा पंप सुरू होताच दिवे क्षणभर मंदावतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. चारही मोटारींनी एकदम जोर घेतला, की घटमालेचा दाब तसाच खाली बसतो. नियंत्रण करणाऱ्या संगणकास तर 5 किंवा 3.3 व्होल्टचा अगदी स्थिर दाब लागतो. तो क्षणभर जरी घसरला, तरी संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. मेजावरील संगणकाच्या बाबतीत ही केवळ गैरसोय असते. आकाशातील यानास ती मृत्यूसारखी ठरते. म्हणून संगणकासाठी दाब स्थिर ठेवणारे वेगळे मंडल असते, आणि ज्या यानांवर माणसांचे जीवित अवलंबून असते त्यांत ते दुहेरी ठेवण्याचा प्रघात आहे.

तोल कसा राखला जातो

यंत्राने स्वतःचा तोल राखावा ही कल्पना नवी नाही. लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकन वैमानिकाने जून 1914 मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर आपल्या विमानाचे प्रदर्शन केले. त्याचा साथीदार उडत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला आणि स्पेरीने दोन्ही हात सुकाणूवरून काढून वर धरले. तरीही विमान सरळ चालत राहिले. त्याचा तोल वेगाने फिरणाऱ्या चक्रांनी, म्हणजे घूर्णींनी, सांभाळला होता. 1935 साली ब्रिटनमध्ये तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी बिनतारी संदेशाने चालणारे ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, या नावाचे विमान तयार झाले. नर मधमाशीस इंग्रजीत ड्रोन म्हणतात. हे नाव त्यावरूनच रूढ झाले असे मानतात.

तोल राखण्यामागील गणित मात्र विमानावर नव्हे, तर जहाजावर जन्मास आले. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने जहाजाचे स्वयंचलित सुकाणू कसे असावे याचा विचार करताना अनुभवी सुकाणूवाला काय करतो याचे निरीक्षण केले आणि 1922 साली त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. कुशल सुकाणूवाला तीन गोष्टी पाहतो. जहाज या क्षणी वाटेपासून किती ढळले आहे, ही पहिली. ते किती वेळ ढळलेलेच राहिले आहे, ही दुसरी. आणि ते कोणत्या वेगाने ढळत किंवा सावरत आहे, ही तिसरी. या तिन्हींचा मेळ घालून तो चाक फिरवितो. केवळ पहिली गोष्ट पाहणारा नवशिका सुकाणू अति फिरवितो आणि जहाज नागमोडी जाऊ लागते. ड्रोनची नियंत्रणपाटी हेच तीन प्रश्न स्वतःस विचारते; फक्त ती ते सेकंदास शेकडो वेळा विचारते.

उत्तर देण्याचे साधन तिच्यापाशी एकच असते, ते म्हणजे पंख्यांचा वेग. चारांपैकी दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरतात, म्हणून यान स्वतःभोवती फिरत नाही. उजव्या बाजूचे पंखे किंचित वेगाने फिरविले, की यान डावीकडे कलते आणि त्याच दिशेस सरकू लागते. एका दिशेने फिरणाऱ्या जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला, की ते जागच्या जागी वळते. चारही पंख्यांचा वेग वाढला, की ते वर चढते.

प्रश्न विचारावयाचे तर आधी परिस्थिती कळावयास हवी. त्यासाठी पाटीवर सूक्ष्म ज्ञानेंद्रिये बसविलेली असतात. स्पेरीच्या फिरत्या चक्रांची जागा आता सिलिकॉनच्या एका कंप पावणाऱ्या कणाने घेतली आहे. यान वळले, की त्या कणाचा कंप किंचित आडव्या दिशेस ढळतो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. प्रवेगमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो, वायुदाबमापक उंची सांगतो, चुंबकमापक उत्तर दिशा दाखवितो आणि उपग्रहांचे संदेश ऐकणारा ग्राहक यानाचे पृथ्वीवरील स्थान सांगतो.

यांपैकी एकही साक्षीदार पूर्णपणे विश्वासार्ह नाही. घूर्णी क्षणापुरती अचूक असते, परंतु तिची लहान लहान चूक साचत जाते. प्रवेगमापक मोटारींच्या हादऱ्यांनी गोंधळतो. वाऱ्याचा झोत आला, की दाबमापक फसतो. उपग्रहांचे उत्तर खरे असले, तरी ते सावकाश येते. ज्याच्या बोलण्यात संशय अधिक त्याच्या शब्दास वजन कमी द्यावयाचे आणि सर्वांच्या साक्षीतून सत्याच्या जास्तीत जास्त जवळचे अनुमान काढावयाचे, ही रीत रुडॉल्फ काल्मन या गणितज्ञाने 1960 साली मांडली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या मार्गदर्शनासाठी ती उपयोगी पडली. आज ती लहानशा ड्रोनमध्येही नित्य वापरली जाते.

कुंभकोणम् आणि लडाख

आता आपले यान दोन ठिकाणी उडवून पाहू. कुंभकोणम्‌ला 35 अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.14 किलोग्रॅम भरते. लडाखमध्ये 4,500 मीटर उंचीवर, शून्याखाली 10 अंश तापमानात, ते सुमारे 0.76 किलोग्रॅमच भरते. पंखा हवेस खाली ढकलून यानास वर उचलतो. हवा विरळ असेल, तर तेवढेच वजन उचलण्यास ती अधिक वेगाने ढकलावी लागते. हिशोब केल्यास असे दिसते की, लडाखमध्ये आपल्या यानास स्थिर राहण्यासाठी सुमारे 22 टक्के अधिक शक्ती लागेल. 300 वॅटच्या जागी 366 वॅट लागतील आणि 24 मिनिटांचे उड्डाण 20 मिनिटांच्याही आत येईल. त्यातच थंडीने घटांतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून प्रत्यक्षात मिळणारा वेळ याहूनही कमी असतो.

उंची मोजण्यातही फरक पडतो. कुंभकोणम्‌ला सुमारे 9 मीटर वर चढल्यास हवेचा दाब 1 मिलिबारने उतरतो. लडाखच्या त्या उंचीवर तेवढाच फरक पडण्यास सुमारे 13 मीटर चढावे लागते. नियंत्रणपाटीस हे ठाऊक नसेल, तर ती उंचीचा चुकीचा अंदाज करील.

दिशेच्या बाबतीत मात्र कुंभकोणम्‌ची स्थिती अनुकूल आहे. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या रेषा चुंबकीय विषुववृत्ताजवळ जमिनीशी जवळजवळ समांतर असतात, म्हणून होकायंत्रास पूर्ण जोर मिळतो. उत्तरेकडे जावे तसतशा त्या जमिनीत शिरू लागतात. दिल्लीस त्यांचा उतार 40 अंशांहून अधिक असतो आणि लेहच्या बाजूस तो 50 अंशांच्या आसपास पोहोचतो. परंतु या अनुकूलतेलाही यानातीलच एक शत्रू आहे. 20 अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या एकट्या तारेपासून 5 सेंटिमीटर अंतरावर जे चुंबकक्षेत्र निर्माण होते, ते कुंभकोणम् येथील पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ दुप्पट असते. शक्तीची पाटी अशा रीतीने नियंत्रणाच्या पाटीस आंधळे करू शकते. यावर दोन उपाय आहेत. चुंबकमापक तारांपासून दूर, लहान खांबावर बसवावा. आणि जाणारी व येणारी तार एकमेकींत पिळून घ्यावी, म्हणजे त्यांची क्षेत्रे एकमेकांस बव्हंशी नाहीशी करतात.

चुंबकीय विषुववृत्ताच्या परिसरात आणखी एक नैसर्गिक घटना घडते. या पट्ट्यावरील वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठीच केरळातील थुंबा हे ठिकाण निवडण्यात आले आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी तेथून भारतातील पहिला अग्निबाण सोडण्यात आला. सूर्यास्तानंतर या पट्ट्यावरील आयनांबरात विरळ आयनद्रव्याचे मोठाले बुडबुडे वर चढतात. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात, आणि सूर्यावर डाग अधिक असतात त्या वर्षांत, हे विशेष घडते. सुमारे 20,000 किलोमीटरांवरून येणारे उपग्रहांचे क्षीण संदेश त्यातून जाताना ताऱ्यांप्रमाणे लुकलुकतात आणि कधी कधी ग्राहकाच्या हातून निसटतात. संध्याकाळी कुंभकोणम्‌वर उडणाऱ्या यानास म्हणून उपग्रहांवर डोळे मिटून विसंबता येत नाही.

संपर्क तुटल्यावर

निसर्ग जे नकळत करतो, तेच शत्रू बुद्धिपुरस्सर करतो. उपग्रहांचा संदेश क्षीण असल्यामुळे जमिनीवरील प्रक्षेपकाने त्याच लहरींवर गोंगाट केला, तर तो बुडून जातो. यान चालविणाऱ्या सैनिकाचा बिनतारी संदेशही असाच तोडता येतो. युक्रेनमध्ये 2022 पासून भडकलेल्या युद्धात दोन्ही पक्षांनी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले. मे 2025 मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यातील संघर्षातही दोन्ही बाजूंनी ड्रोनचा उपयोग झाला आणि आपल्या सैन्याने येणारी ड्रोने पाडण्यासाठी तोफांबरोबर संदेश बुडविण्याच्या साधनांचाही अवलंब केला.

संपर्क तुटला, की यानाने काय करावे? जागीच थांबावे, हळूहळू खाली उतरावे, आल्या वाटेने परत जावे, की ठरलेले काम पुढे चालू ठेवावे? या क्षणी विचारावयास कोणीही नसते. नियंत्रणपाटीवरील कार्यक्रमात जे आधी लिहून ठेवले असेल तेच घडते. कुंभकोणम्‌जवळच्या स्वामीमलै गावी स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात. प्रथम मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर मातीचा लेप देतात, तापवून मेण काढून टाकतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत रस ओततात. मेणात जो आकार राखला असेल तोच धातूत उतरतो. रस ओतताना मूर्तीच्या चेहऱ्याचा भाव बदलता येत नाही. ड्रोनच्या कार्यक्रमाचेही असेच आहे. संकटाच्या क्षणी यान जो निर्णय घेते, तो कित्येक महिने आधी कोणीतरी शांतपणे मेजाशी बसून घेतलेला असतो. म्हणून यानाचा खरा सारथी हातात नियंत्रक धरलेला सैनिक नव्हे, तर तो कार्यक्रम लिहिणारा आणि ती पाटी घडविणारा मनुष्य होय. तो कोणत्या देशाचा आहे आणि त्याला कोणती जबाबदारी मान्य आहे, हे दोन्ही प्रश्न यातूनच उद्भवतात.

महाराष्ट्रातील प्रयत्न

या दृष्टीने महाराष्ट्रात झालेले कार्य अभ्यसनीय आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या अंकित मेहता, राहुल सिंग, आशीष भट प्रभृती तरुणांनी 2007 साली आयडियाफोर्ज ही कंपनी स्थापिली. 2009 साली प्रदर्शित झालेल्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उडणारे चार पंख्यांचे यान पुष्कळांच्या स्मरणात असेल. ते यान त्यांनीच घडविले होते. त्यानंतर संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील अभियांत्रिकी संस्थेच्या सहकार्याने त्यांनी ‘नेत्र’ हे टेहळणीचे यान सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम होते आणि ते अर्ध्या तासाच्या आसपास हवेत राहू शकत असे. जून 2013 मध्ये उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा अडकून पडलेल्या लोकांचा शोध घेण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने ‘नेत्र’चा उपयोग केला. सीमेवरील हालचाल पाहणारे साधन पुरात सापडलेल्या माणसासही पाहू शकते. पाटीला तो भेद ठाऊक नसतो, तो भेद वापरणाऱ्याने करावयाचा असतो.

जानेवारी 2021 मध्ये याच कंपनीस भारतीय सैन्याकडून ‘स्विच’ या यानासाठी सुमारे 2 कोटी डॉलर किमतीची मागणी मिळाली. उंच डोंगरात काम करणारे हे यान पंख्यांच्या साहाय्याने सरळ वर उठते आणि मग पंखांवर तरंगत पुढे जाते. स्थिर राहण्यास लागणारी प्रचंड शक्ती त्यास सतत खर्चावी लागत नाही, म्हणून सुमारे साडेसहा किलोग्रॅम वजनाचे हे यान दोन तास उडू शकते. आपण वर केलेला लडाखचा हिशोब आठवला, तर या रचनेचे महत्त्व सहज पटेल.

नागपूर येथे तयार झालेल्या ‘नागास्त्र-1’ या शस्त्रधारी यानाची पहिली तुकडी जून 2024 मध्ये सैन्यास मिळाली. 480 यानांच्या मागणीपैकी ती 120 यानांची होती. हे यान लक्ष्यावर घिरट्या घालून मग त्यावर झेपावते. त्यात एक सोय मुद्दाम केलेली आहे. लक्ष्य सापडले नाही किंवा हल्ला रद्द करावयाचा ठरला, तर यान माघारी बोलावून हवाई छत्रीच्या साहाय्याने उतरविता येते. सोडलेला बाण परत घेता येत नाही, ही युद्धातील प्राचीन म्हण. येथे नियंत्रणपाटीवरील कार्यक्रमाने तो परत घेण्याची मुभा ठेवली आहे. जबाबदारीचा प्रश्न यंत्रात कसा उतरतो, याचे हे उदाहरण होय.

आपले किती आणि परके किती

एवढे झाले तरी स्वावलंबनाची वाट अद्याप लांबची आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये भारत सरकारने तयार ड्रोनच्या आयातीस बंदी केली. संरक्षण, सुरक्षा व संशोधन यांचा अपवाद ठेवला आणि सुट्या भागांची आयात मोकळी ठेवली. परिणामी सांगाडा देशात जोडला गेला, तरी आतील पाट्या परदेशच्या असणे शक्य होते. फेब्रुवारी 2025 मध्ये सैन्यासाठी मागविलेल्या 400 मालवाहू ड्रोनांचे करार, त्यांत चिनी भाग असल्याच्या कारणावरून, रद्द झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. परकी पाटी स्वस्त व चांगली असू शकते. परंतु संपर्क तुटल्यावर काय करावे, कोणत्या ठिकाणी उडू नये आणि आपली माहिती कोणास पाठवावी, याविषयी तिच्यात काय लिहिले आहे हे विकत घेणाऱ्यास बाहेरून दिसत नाही.

स्वावलंबनाच्या पायऱ्या सर्व सारख्याच उंचीच्या नाहीत. नियंत्रणाचा कार्यक्रम लिहिणे ही बुद्धीची बाब असून ती आपल्या आवाक्यात आलेली आहे. पाटीची रचना करणे व ती जोडणे हेही देशात होते. परंतु पाटीवरील अर्धसंवाहकाचे तुकडे, सूक्ष्म घूर्णी, लिथियमचे घट आणि मोटारींतील बलवान चुंबक यांसाठी आपण अजून मोठ्या प्रमाणात बाहेरच्या देशांवर अवलंबून आहोत. एप्रिल 2025 मध्ये चीनने काही विरल मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा या परावलंबनाची जाणीव अनेक देशांतील कारखानदारांस झाली. कार्यक्रम आपला असूनही चुंबक मिळाला नाही, तर यान जमिनीवरच राहते. आणि चुंबक मिळूनही कार्यक्रम परका असेल, तर यान आपल्या हातात राहत नाही. या दोहोंपैकी दुसरी स्थिती अधिक धोक्याची होय, कारण ती आधी कळून येत नाही.

या विद्येचा आरंभ शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. एक होकायंत्र मेजावर ठेवावे. विजेरीचा घट, लहानसा दिवा आणि तारा यांचे मंडल करून एक तार होकायंत्रावरून उत्तर-दक्षिण न्यावी. दिवा लागताच सुई बाजूस ढळेल. 1820 साली डेन्मार्कमध्ये अर्स्टेड यांनी हेच पाहिले होते. आता दिव्याकडे जाणारी आणि त्यापासून परत येणारी अशा दोन्ही तारा एकमेकींत नीट पिळून होकायंत्रावरून न्याव्यात आणि दिवा पुन्हा लावावा. सुई जवळजवळ जागची हलणार नाही. लडाखवर उडणाऱ्या यानातील तारा याच कारणासाठी पिळलेल्या असतात. ज्या विद्यार्थ्यास हा प्रयोग स्वतः करून कारणासह सांगता आला, त्याने सारथ्याच्या शिक्षणाचा पहिला धडा पुरा केला असे समजावे.